आठ तासांची सरासरी

बाबा,

आईचा हुकूम आहे, मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन चांगले शब्द लिहून दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रायपूरच्या आपल्या लोकांत तुमचं कौतुक टिकून आहे. ते लिहायला बसले आणि हे लिहिते आहे.

तुम्ही उरला औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. सुट्टीत एकदा मला तिथे घेऊन गेला होतात. थिनरच्या टाकीवरचा माणूस दुखरं डोकं धरून म्हणाला, "मूड़ पिराथे साहब." तुम्ही हसलात. "बाहर बैठ जा थोडी देर, एवरेज में आ जाएगा." मग मला समजावलंत, हवेत वाफ किती चालते ते आठ तासांच्या सरासरीवर ठरतं. टाकीवर नाकातोंडात गेली तरी उरलेला वेळ झाडाखाली बसला की हिशेब जुळला. केवढे हुशार वाटला होतात तुम्ही मला!

घरीही हाच हिशेब. मी दहावीत होते. एके दिवशी तुमच्या शर्टावर थिनर सांडलेलं. बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घराच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तुम्ही तसेच जेवायला बसलात आणि मी म्हणाले, शर्ट बदला ना, वास येतो. तुम्ही शर्ट काढलात. "लय वास येऊन राहिला न तुले? घे मंग." आणि तो माझ्या तोंडावर दाबून धरलात. मी हातपाय झाडते आहे, तव्यावर पोळी करपते आहे, आई वळून बघत नाही. सुटल्यावर मी मोरीत ओकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवी सायकल आणलीत. आई म्हणाली, "दिवसभर त चांगलेच राहते न ते. तेवढंच काहून धरून बसली तू?"

आता मीही तेच काम करते. कामगाराच्या कॉलरला हवा ओढणाऱ्या पंपाची नळी लावते, त्याच्या श्वासात किती वाफ जाते ते मोजते. शिकताना पहिल्याच आठवड्यात कळलं की तक्त्यात सरासरीच्या शेजारी दुसरी मर्यादा छापलेली असते, कुठल्याही पंधरा मिनिटांची. ती ओलांडायची नाही, मग बाकीचा दिवस कितीही स्वच्छ जावो. तुम्हाला ती ठाऊक होती, बाबा. टाकीवरच्या माणसाला तुम्ही ती सांगितली नाहीत. मला तुमचा राग येतो, आणि आई तुमच्या चांगल्या दिवसांची बेरीज मांडू लागली की जास्तच येतो.

स्मरणिकेत देईन काहीतरी, शिस्तप्रिय, मनमिळाऊ वगैरे. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. दवाखान्यात शेवटी शेवटी ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टा सैल झाला होता. नर्सने मला मास्क हाताने तोंडावर धरून ठेवायला सांगितला. तुम्ही ग्लानीतून जागे झालात, तोंडावर माझा हात पाहिलात आणि मान झटकू लागलात. तुम्हाला काय वाटलं ते मला तेव्हाच कळलं. "ऑक्सिजन आहे, बाबा," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं मी, पण लगेच नाही. तुम्हाला घाबरलेलं आणखी थोडं बघावंसं वाटलं.