एकचूल पाड्याची पाटी

आये, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून एका जागी टिकत नाही. मध्ये घोलवडला चिकू भरायला होते. तिथल्या मुकादमाची एक गंमत आहे, पण ती राहू दे. परवा आपल्या पाड्यावर आले तर देवळापुढे बैठक चाललेली. पाड्याच्या नावाची पाटी लावायची होती. पोरांना सागरनगर हवं होतं. "एकचूल वाचून पाहुण्यांना वाटेल, इथं खायला मिळत नाही!" एक जण म्हणाला, तशी सगळी हसली. शेजारची काकी तेवढी हसली नाही. "हिची आय सांगायची हे नाव कसं पडलं ते. हिला विचारा," म्हणाली.

मग मला तू दिसतेस. बोंबील वाळत घालतेस आणि पाठमोरीच सांगतेस. पाडा नवा होता. वाळूत सरपण कुठलं? गंजाडच्या बाया मोळ्या आणायच्या आणि सुकं म्हावरं न्यायच्या. ते सरपण पुरायचं नाही, म्हणून सगळ्यांत मिळून एकच चूल. प्रेमबिम काही नाही, भांडत भांडत रांधायच्या. नियम एवढाच, की जिची होडी अजून पाण्यात, तिचा टोप चुलीवर, आणि होडी आल्याशिवाय तो कुणी उतरवायचा नाही. एकदा वेळ टळून गेली तरी एक होडी येईना. पोरं भुकेनं रडली, बायांनी त्या टोपवालीला शिव्या घातल्या, पण टोपाला हात कुणी लावला नाही. मोळ्या घेऊन आलेल्या गंजाडच्या बायांनी ते पाहिलं आणि त्यांनीच पाड्याला हे नाव दिलं.

एवढं मी बैठकीत सांगितलं. काकीचा मुलगा तिकडे लांब ओखा बंदरातल्या बोटीवर खलाशी आहे, बरेच दिवस त्याचा फोन नाही. तिनं विचारलं, "मग आली का गं ती होडी?"

"आली की! भात करपला म्हणून नवऱ्याला वर बोलणी बसली."

"बसायचीच!" काकी हसली आणि पदरानं डोळे पुसले. मग सागरनगरवालाच पेंटरला म्हणाला, "लिही रे एकचूल. मोठ्या अक्षरात."

हा कागद पाठवायचा कुठं? माझ्या पिशवीत राहील, कुठल्यातरी एसटीत चुरगळेल. पण तुला म्हणून सांगते. होडी आली का, हे तू कधी सांगितलंच नाहीस. तिथवर आलीस की थांबायचीस, बोंबील उलटायला लागायचीस. आणि मी विचारत नसे.