सुनिताची खुशाली

१२ जानेवारी
पोचले एकदाची डोंगरकडा गावाला! नाशिकहून निघताना आईचं एकच चाललं होतं, एवढ्या लांब कशाला जातेस. पण इथं पाय ठेवल्यापासून मन हलकं झालंय. गावाबाहेर प्रशिक्षण केंद्राची दुमजली इमारत, समोर पिठाची गिरणी, मागं केळीचे मळे. वरच्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे. केंद्राचे संचालक विजयकुमार सर स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. बंजारा तांड्यांवरच्या मुलींना रुग्णसेवा शिकवून परदेशात कामाला पाठवतात. मी त्यांना चारचौघांत नीट बोलायला शिकवायचं. माझी मूळ प्रमाणपत्रं सरांनी त्यांच्या कपाटात जपून ठेवली.

२१ जानेवारी
मुली लाजऱ्या आहेत, पण सुनिता धीट. तिची आई अनुसयाबाई बाजारच्या दिवशी भाकरी घेऊन येतात, सोबत धाकटी शिला. शिलालाही ताईसारखं परदेशी जायचंय.
सरांनी सरावाची एक छान युक्ती सांगितली. घरी पाठवायचे निरोप मुलींनी आत्ताच फोनवर बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे. सुखरूप पोचल्याचा, होळीच्या शुभेच्छांचा, यंदा सुट्टी मिळत नाही असाही. हा शेवटचा बोलताना सुनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, पुन्हा एकदा, जरा हसून.

८ फेब्रुवारी
सुनिता आणि आणखी तीन मुली आज गेल्या. जीपमध्ये चढण्याआधी सुनिता माझ्या पाया पडली. मी तिच्या पिशवीत दोन साबण टाकले. गावभर हळद शिजवल्याचा वास सुटलाय, केसांतूनही जात नाही.

४ मार्च
होळीसाठी अनुसयाबाई मला तांड्यावर घेऊन गेल्या. बायका फेर धरून लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, म्हणत होत्या. मधेच अनुसयाबाईंनी फोन काढला.
“ऐका मॅडम, माझं लेकरू परदेशातून बोलून राहिलं.”
सुनिताचा आवाज. होळीच्या शुभेच्छा, मी बरी आहे, जेवण बराबर मिळतं. त्या आवाजाच्या मागं आमच्या समोरची गिरणी चालू होती. आणि अगदी शेवटी एक बाई म्हणते, पुन्हा एकदा. ती बाई मी.
ताटात वाढलेली पुरणपोळी मी संपवली. छान झालीय म्हणाले.

५ मार्च
ज्यावरून निरोप येतात तो नंबर मी अनुसयाबाईंकडून घेतला होता. ऑफिसात उभी राहून लावला. सरांच्या टेबलाच्या खणात वाजला.
सरांनी खण उघडून फोन बंद केला आणि मला बसायला खुर्ची दिली. सुनिता कुठं आहे, मी विचारलं. मला माहीत नाही, सर म्हणाले, पुढच्या माणसाच्या ताब्यात दिली की आपला संबंध संपतो. पार्सलबद्दल बोलावं तसं. तिचे बरेच निरोप अजून शिल्लक आहेत, घरच्यांना दोन वर्षं पुरतील. मग आठवण करून दिली, की सगळ्या मुलींच्या कागदांवर प्रशिक्षक म्हणून सही माझी आहे.
दुपारचा तास घेतला. सगळ्या मुली हजर होत्या.

७ मार्च
बातमी वाचली. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं दुसऱ्या राज्यात अशीच टोळी पकडली. कोंडून ठेवलेल्या मुली सोडवल्या. चादरींखाली तोंडं झाकलेल्या मुलींचा फोटो होता. त्यात सुनिता शोधली. बातमीखाली तक्रारीचा नंबर. लावला. पलीकडं वाजत होता —
सर जिन्यात उभे. हात पुढं केला.
मी फोन देऊन टाकला. त्यांना ओढून घ्यावा लागला नाही.

९ मार्च
शिलाचंही नाव सरांनी घातलंय, उद्या निघणार. अनुसयाबाई तिला पोचवायला आल्या. त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. खण, फोन, गिरणीचा आवाज. पोरी विकतात हेसुद्धा. शिला दारात उभी राहून ऐकत होती, तिला हसू आलं.
“काहून असं बोलून राहिल्या मॅडम?” अनुसयाबाई म्हणाल्या. “माझ्या लेकराचा आवाज मला कळत न्हाई व्हय?”
आवाज तिचाच आहे, म्हटलं. पण तो —
“मंग झालं तर. शिलाला तुमीच सोडून या. तुमी संगं असल्या की मला घोर न्हाई.”
मी सोबत जावं का, हे त्यांनीच सरांना जाऊन विचारलं. सर लगेच हो म्हणाले.

१० मार्च, जीपमध्ये
सर गाडी चालवतायत. मागं मी आणि चार मुली. वही मांडीवर.
नाकाबंदी लागली. पोलिसानं काच खाली घ्यायला लावली. मलाच विचारलं, या पोरी कुठं चालल्या. सरांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, “प्रशिक्षणाला. मी त्यांची शिक्षिका.” आपोआप निघालं तोंडातून. गाडी सोडली.

मग शिला हळूच —
“मॅडम, काल तर तुमी म्हणल्या आमाला विकून राहिले. मंग पोलिसाला काहून न्हाई सांगितलं?”
मी वहीतच बघतेय. तिचा चेहरा बदललाय. आता तिचा विश्वास बसला. माझ्या गप्प बसण्यावरून.

डिझेल पंप. सर उतरलेत. माणसं आहेत, एक ट्रक. ओरडायचं, एवढंच —
शिलानं दार ढकललं. उतरली. पळतेय. सर तिच्यामागं —
दंड धरला. ती ओरडतेय. पंपावरची माणसं गोळा होतायत. सर हसून काहीतरी समजावतायत त्यांना, घरचं भांडण आहे वगैरे — ती जीपकडं बोट दाखवतेय. मॅडमला इचारा, मॅडमला इचारा —
सगळे इकडं बघतायत.
मी अजून लिहितेच आहे. वही ठेवते. मी उतरतेय