गप्प बसलं की हलणारी पट्टी

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! घर नगरपालिकेनं जवळजवळ फुकटात दिलं आहे. शिमाने प्रांताच्या या डोंगरात माणसांपेक्षा रिकामी घरं जास्त, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेली घटस्फोटित बाईसुद्धा इथे तरुण रक्त म्हणून खपते. शेजारचे नाकासोने आजोबा दार सरकवून थेट आत आले, पायरीवर भलाथोरला मुळा ठेवला आणि म्हणाले, की कुलूपबिलूप लावायचं नाही हं, आम्हाला अपमान वाटतो. अंगणातलं पर्सिमनचं झाड फळांनी वाकलंय.

कामही घरबसल्या. कंपनी शौचालयाच्या बैठका विकते, खालून कोमट पाणी उडवणाऱ्या. त्या बिघडल्या की लोक फोनवर ओरडणार आणि मी ऐकून घेणार. संसाराचा अनुभव अखेर कुठेतरी कामी येतोय. नोकरी पक्की झाली, की आईला वृद्धाश्रमातून इकडे आणायचं. त्यासाठीच तर हा खटाटोप. तिला आता दिसत नाही, माणसं आवाजावरून ओळखते. माझा आवाज म्हणजे कोयता, असं तिचं जुनं मत. असू दे. घरचा कोयता आहे.

५ नोव्हेंबर

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. कॅमेरे बंद, नुसते आवाज. कुरोसुसान आमच्या मुख्य. त्यांच्या बोलण्यात इतकं मार्दव, की झापलं तरी आभार मानावेसे वाटतात. नियम दोन. गिऱ्हाईक श्वास घेईल तेवढ्यात ‘हो, हो’ म्हणायचं, पोकळी राहू द्यायची नाही. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही, कधीच नाही.

पण कंपनीनं पाठवलेल्या हेडसेटचा माइक मेलेला! ऐकू सगळं येतं, माझं मात्र जात नाही. वायरवरची कळ चालू, पिन नीट खोचलेली, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नावही बरोबर. आवाजाची हिरवी पट्टी काही हलेना. सांगायला हवं होतं. पण माझ्या एकटीपायी सगळ्यांचा खोळंबा कसा करायचा? म्हणून मेलेल्या माइकसमोर माना डोलावत ‘हो, हो’ करत बसले. शेवटी कुरोसुसान म्हणाल्या, की मिझोगुचीसानचे, म्हणजे माझे, हुंकार कसे अगदी वेळेवर येतात, बाकीच्यांनी शिकावं. असा गोड टोमणा मी जन्मात खाल्ला नव्हता.

८ नोव्हेंबर

माइकची परवानगी तपासली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. बसनं खालच्या गावात जाऊन नवा हेडसेट आणला. तोही तसाच. मग मी लॅपटॉपच्या सात पिढ्या उद्धरल्या, पट्टी ढिम्म.

दमून चहा प्यायला गप्प बसले, तर पट्टी वर चढली. खाली आली. परत चढली. थांबत, सावकाश. कुणीतरी वाक्य बोलावं तशी.

कुठेतरी तार सैल असणार.

१२ नोव्हेंबर

आज खरे फोन. कोबेचा एक इसम ओरडत होता, की फवारा थांबत नाही आणि तो उठू शकत नाही. मी म्हटलं, मग बसा तिथेच, पोहायला शिका. म्हटलं, कारण ऐकू जाणार नव्हतंच. पलीकडे तो हसला आणि म्हणाला, की ताई, तुम्ही किती समजून घेता हो! भिंतीतला खटका आता सापडला, असंही म्हणाला.

खटक्याचं मी काही बोलले नव्हते.

संध्याकाळी कुरोसुसाननी कळवलं, की माझी नोकरी मुदतीआधीच पक्की. विचारावं तरी कुणाला, आणि काय? बिनपगारी मोलकरीण मिळाली समजायचं. आईची खोली झाडून घेतली.

१५ नोव्हेंबर

माइकची चाचणी रेकॉर्ड करून ऐकली. मी दहा वाक्यं बोलले होते, त्यातलं एकही नाही. होती दुसरीच बाई. मऊ, गोड, तांदळाच्या गरम लाडवासारखा आवाज. जिथे मी श्वास घेतला, तिथे ती ‘हो, हो’ म्हणते. शेवटी नाव सांगते. मिझोगुची तोकिए. माझं.

हेडसेट उपटला. पट्टी हलतच राहिली.

नाकासोने आजोबा भेटले. म्हणाले, की काल दारातून हाक मारली, तर माडीवरून काय गोड ओ दिलीत! मला वाटलं होतं तुम्ही फटकळ आहात.

काल मी दिवसभर खालच्या गावात होते.

१८ नोव्हेंबर

लॅपटॉप फेकून द्यावा, तर इथे न जळणारा कचरा वेगळा, तो न्यायला गाडी पुढच्या महिन्यात. हसू नये, पण हसले. शेडमध्ये नेऊन ठेवला, घोंगडीत गुंडाळून.

मोबाइलवरून कुरोसुसानना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, की आपण कोण बोलताय? मिझोगुचीसान तर आत्ता दुसऱ्या लाइनवर गिऱ्हाइकाशी बोलताहेत. मग ‘हो, हो’ म्हणत राहिल्या. मी फोन ठेवण्याची वाट बघत.

२० नोव्हेंबर

आईला फोन केला. आई म्हणाली, कोण तू? आमची तोकिए रोज दुपारी बोलते, कॉम्प्युटरवर. तुझ्यासारखी भुंकत नाही.

मी ओरडले, आई, मीच गं! आवाज वेगळा वाटला तरी —

हेच बोलायला नको होतं. पोलिसांनी वृद्धाश्रमात येऊन सगळ्यांना पढवून ठेवलंय. मी तुमचं पोर, आवाज बदललाय, असं कुणी म्हणालं की तो लुच्चा, फोन लगेच ठेवा. आईनं ठेवला. परत केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, की पुन्हा त्रास दिलात तर तक्रार करू. मुलीनं सगळं ठरवलंय, परवा सकाळी आजींना घरी सोडतोय.

कुठल्या घरी, मी विचारलं.

त्यांनी पत्ता वाचून दाखवला. इथलाच.

२१ नोव्हेंबर

शेडमध्ये लॅपटॉप नाही. घोंगडी घडी करून ठेवलीय.

माडीवर कुणीतरी झाडतंय. आईची खोली.

२२ नोव्हेंबर

अंगणात बसून लिहितेय. पोलीस येतील, त्यांना दाखवायला.

वृद्धाश्रमाची गाडी आली, आईसोबत तिथल्या बाई. मी धावले, आई म्हणून हाक मारली. आई ताठरली. बाईंना म्हणाली, तीच ती भामटी, इथवर आली बघा! बाई हात पसरून माझ्या आड. वाकून माफी मागतात, पण सोडत नाहीत.

आणि घरातून — ये गं आई, सांभाळून, पायरी उंच आहे.

आईचा चेहरा असा उजळला. माझ्यासाठी कधी —

गेली आत. दार आतून लावलं. या गावात कुणी दार लावत नाही.

बाई रस्त्यावर पोलिसांना फोन करताहेत. मी भिंतीला कान लावून. आई बोलतेय. हो, हो. आई हसतेय. हो, हो.

दार हलत नाही. मी ओरडते, ती आत म्हणते, कुत्रं आहे गं, शेजारचं.

आई म्हणतेय, दिसत नाही ना मला, जवळ ये, चेहरा तरी चाचपू दे.

हो.

चटईवरून आई पुढे सरकल्याचा आवाज.

आई म्हणतेय, अगं तोकिए, इथे तर काहीच —