हातमोज्यांची गळती-तपासणी

म्हसावद, ता. शहादा
२८ डिसेंबर

आदरणीय अब्राहामभाऊ यांस,

म्हसावदहून हिलालचा हात जोडून नमस्कार (हात जोडताना सध्या जरा दुखतात, पण ते पुढे येईलच). नाताळच्या शुभेच्छा उशिरा आणि नव्या वर्षाच्या वेळेआधी, अशा दोन्ही एकाच पाकिटात गोड मानून घ्याव्यात. पारुवहिनींचा गुडघा तिकडच्या गारठ्यात कुरकुर करत नाही ना? चि. रूथला दवाखान्यात रात्रपाळ्या फार लावत नाहीत ना? आणि तुमची स्वतःची तब्येत? नवापूरच्या माणसाने मनालीत लेकीकडे डिसेंबर काढायचा, हे मला अजून खरे वाटत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टोपी, मफलर आणि कोट यांच्यामध्ये फक्त एक नाक होते. सव्वीस वर्षे तुमच्याबरोबर एकाच कालव्यावर नोकरी केली म्हणून नाकावरून ओळखले, नाहीतर कौसाबाई म्हणत होती की रूथने घराबाहेर गाठोडे ठेवले आहे. इकडे सर्व क्षेम आहे. गहू चांगला उगवलाय, म्हैस दुधावर आहे, पण माझ्याशी बोलत नाही (कारण पुढे).

हातात मोबाईल असताना हा माणूस पत्र का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. भाऊ, तुम्हाला माहीत आहे, कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या पाटकऱ्याशी बोलण्यात माझा जन्म गेला. मला कुजबुजता येत नाही. मी घरातून तुम्हाला फोन केला तर तो कौसाबाईला ऐकू जातो, शेजारच्या सरलाबाईंना ऐकू जातो आणि वारा असेल तर बसस्टँडवरही जातो. आणि लिहून पाठवावे, तर माझा मोबाईल आमच्या चेतनाने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून ठेवला आहे (मी सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवतो म्हणून लेकीने ही पाळत ठेवली आहे). म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर त्याचे काय करायचे तेही शेवटी लिहिले आहे.

तर सतरा जानेवारीला मी आणि कौसाबाई, आम्ही दोघे तुमच्याकडे यायला निघणार, हे ठरलेच आहे. ठरलेच आहे असे मी म्हणतो, पण मधे एक फाटक आहे. दिवाळीत रूथने व्हिडिओ कॉलवर खिडकीतून बर्फाचे डोंगर दाखवले, तेव्हापासून हिने बर्फाचा ध्यास घेतला आहे. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, एवढ्या काळात हिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि नेमकी तीच बोटे आता आडवी आली. दोन हिवाळ्यांपासून गार पाण्यात हात घातला की हिची बोटे खडूसारखी पांढरी पडतात आणि बधिर होतात. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले की मनालीला खुशाल जा, पण हात उबदार आणि कोरडे राहिले पाहिजेत. आत पाणी शिरणार नाही असे चांगले हातमोजे मिळाले तरच जा, नाहीतर घरी बसा. हे पुण्याला असलेल्या आमच्या योगेंद्रला कळले तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, तिकिटे रद्द करू या." ही उठून चुलीवरचे दूध बघायला गेली, आणि चुलीवर दूध नव्हते. मला ते बघवले नाही. मी (सवयीने) ओरडून सांगितले की हातमोज्यांची जबाबदारी माझी. तेव्हा हिने वळून माझ्याकडे जे पाहिले ना, तसे तिने माझी पाटबंधारे खात्यात निवड झाली त्या दिवशीच पाहिले होते. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

आता हातमोजे ही वस्तू आपल्या जिल्ह्यात कशी मिळते ते ऐका. शहाद्याच्या दुकानदाराने लोकरीचे दिले. फार ऊबदार. बादलीत बुडवले तर दोन्ही मोज्यांनी मिळून तांब्याभर पाणी प्यायले. मग कृषी सेवा केंद्रातून फवारणीचे रबरी आणले. त्यात पाण्याचा थेंब शिरेना, पण आतला घामही बाहेर येईना, आणि गारवा तर असा की हात उघडे ठेवलेले परवडले. मग मला सुचले की लोकरीचे आत आणि रबरी बाहेर असे एकावर एक घालावेत (हे सुचले तेव्हा मी इतका खूश झालो की कुणाला तरी सांगावे म्हणून सरलाबाईंना सांगितले). हिवाळ्यात घराबाहेरचे थंडीतले काम म्हणजे आमच्याकडे पहाटेची धार. म्हणून ते चार मोजे चढवून मी म्हशीखाली बसलो. भाऊ, त्या म्हशीने मान वळवून आधी माझ्या हातांकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मगच लाथ मारली. रागाने नव्हे, नीट विचार करून मारली. बादली गोठ्याच्या दारात सापडली.

शेवटी चेतनाने ऑनलाईन मागवले. जोड बघूनच मन भरून आले. बाहेरून काळे टणक कापड, आतून मऊ गादी, मनगटाला पट्टा, आणि अंगठ्याच्या पाठीवर मखमलीचा एक तुकडा शिवलेला. हा तुकडा कशाला, असे विचारले तर चेतना म्हणाली, "बाबा, थंडीत नाक गळते ना, ते पुसायला." एवढा पुढचा विचार करणारी कंपनी फसवणार नाही, असे वाटले खरे. पण सोबतच्या कागदावर छापले होते की यात पाणी अजिबात शिरत नाही, आणि भाऊ, आपल्या खात्याच्या कागदांवरही कालव्यात गळती नाही असेच लिहिलेले असायचे. गळती शोधण्यात आपण केस पांढरे केले. पाणी थोडे थोडे झिरपत असेल तर ते हाताला कळत नाही, हे मला माहीत होते. आठवते ना, भराव कुठे झिरपतो ते कळत नसले की आपण वर गुलाबी रंग सोडायचो आणि खाली बसून राहायचो? मी म्हटले, इथेही पाण्यात असे काहीतरी पाहिजे की ते थेंबभर जरी आत आले तरी हात बोंब मारील. आणि नंदुरबार जिल्ह्यात राहून ते काय, हे मला कुणी सांगायला नको होते.

मोजे घेऊन मी नंदुरबारला करणसिंगकडे गेलो. हा माझा चुलतपुतण्या, मिरचीचा व्यापारी. त्याच्या पथारीच्या मैदानावर सध्या लाल मिरची वाळत पडली आहे, नजर पोचेल तिथवर. त्याच्याकडून बादलीभर पाण्यात सगळ्यात तिखट भुकटी कालवून घेतली आणि मोजे घालून मनगटापर्यंत हात बुडवले. मी घड्याळ बघतोय, देठ खुडणाऱ्या बाया काम सोडून मला बघताहेत. करणसिंग म्हणाला, "काका, घरमा सगळं बरं शे ना?" मी लक्ष दिले नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली, हात थंडगार आणि शांत. एक चुणचुण नाही! मोजे फडक्याने पुसले, हातातून काढलेसुद्धा नाहीत, आणि रिक्षाने थेट त्याच्या भावाच्या, वीरसिंगच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो, कारण दुसरी तपासणी उबेची होती.

वीरसिंगकडे डिसेंबरात गिऱ्हाईक नसते, तो आणि त्याचे तीन कामगार उन्हाला बसले होते. मी बर्फाची अख्खी लादी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. आणि भाऊ, काय सांगू! गारठा तर नाहीच, उलट ऊब वाटायला लागली. पाच मिनिटांत छान शेकल्यासारखे झाले, दहा मिनिटांत हात तापले. बर्फाला धरून माझे हात तापले! मी तिथेच त्या चौघांना हवा कशी कोंडली जाते आणि अस्तर कसे काम करते यावर दहा मिनिटे बोललो. त्यांनाही मोह झाला. डावा मोजा एकाने, उजवा दुसऱ्याने, असे करत चौघांनी आळीपाळीने घालून पाहिले. वीरसिंग तर लादीवर हात ठेवून ओरडला, "काका, बरफवर बी पसीना उना!" मला इतका अभिमान वाटला की त्याच भरात मी मोजे परत हातात चढवले. कारखान्यातल्या थंडीने नाक गळायला लागले होते. आणि कंपनीने त्यासाठी मुद्दाम सोय केली होती.

पुढचे थोडक्यात लिहितो, कारण सविस्तर मला दिसलेच नाही. मखमलीचा तुकडा मी आधी नाकावरून फिरवला, मग डोळ्यांत पाणी आले म्हणून डोळ्यांवरून फिरवला. त्यानंतर जे ओरडलो ते मात्र एका काठावरून दुसऱ्या काठावर नक्की गेले असेल. तोवर वीरसिंगने कपाळ पुसले होते, एकाने कान खाजवला होता, आणि एकाने तंबाखू मळून तोंडात टाकली होती (त्याचे हाल सर्वांत वाईट झाले). तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊब अस्तराची नव्हतीच. शिवणीतून मिरचीचे पाणी हळूहळू आत झिरपले होते आणि आता कामाला लागले होते. खात्यात एकतीस वर्षे गळती शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हातात गळती, आणि तो तिचे कौतुक करत उभा! शेवटी आम्ही पाचही जण एकाच लादीभोवती उघडे हात आणि तोंडे टेकवून अर्धा तास बसलो होतो.

घरी आलो तो सुजलेली बोटे खिशात घालून. ही दारातच उभी होती. "चांगला मोजा सापडनात का?" असे विचारले आणि तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, सापडले, एकदम नामी आहेत, मनगटाचा पट्टा आवळायला नंदुरबारच्या शिंप्याकडे टाकलेत. पुढे काही न विचारता ती आत गेली आणि हाताला लावायला तेलाची वाटी आणून ठेवली, थंडीने हात फुटलेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सरलाबाईंना सांगितले की आमचे जायचे पक्के. ते मी खिडकीतून ऐकले, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

बाकी, मित्र म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. हातमोजे घेताना घाई करू नये, कागदावर विश्वास ठेवू नये आणि प्रत्येक जोड जबाबदार माणसाकडून तपासून घ्यावा. तिकडे काही शंका आली तर मला विचारावे. पारुवहिनींना नमस्कार, रूथला आशीर्वाद.

तुमचा,
हिलाल

ता. क. – भाऊ, पत्र खरे तर इथून सुरू होते. मोजे तीनदा साबणाने धुतले, अजून जवळ नेले की शिंक येते. नवे इथून मागवण्याचा माझा धीर संपला आहे. रूथला सांगून तिकडे रोज बर्फात काम करणाऱ्या बाया घालतात तसला एक चांगला जोड घेऊन ठेवा, हात जोडतो. मापाचा कागद सोबत आहे. दुपारी ही डुलकी घेत असताना हिचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. तिसऱ्या बोटाशी ती जागी झाली. अंगठीचे माप घेतोय असे सांगून वेळ मारून नेली, त्यामुळे चौथे बोट आणि करंगळी अंदाजाने काढली आहे. आता अंगठीही करावी लागणार.

ता. क. २ – मनालीच्या बसस्टँडवर मोजे मला गुपचूप द्यावेत, मी ते नंदुरबारच्या शिंप्याकडून आल्यासारखे पिशवीतून काढीन. यातले एक अक्षर हिला कळता कामा नये. डॉक्टरांपुढे, पोरापुढे मान खाली गेली तरी चालेल, पण हिने माझ्याकडे पुन्हा त्या दिवशीसारखे पाहावे एवढीच इच्छा आहे. पत्र वाचून फाडून टाकणे.

ता. क. ३ – अब्राहामभाऊ, रामराम. हाई मी कौसा लिखी ऱ्हायनू. यासना बोटं सुजेल शेतस, पाकिट चिकटाडता येस नही, म्हनीसन माले चिकटाडाले दिनं आनि च्या प्याले गयात. मी वाची लिनं. मन्हा जलम मिरचीना देठ खुडामा गया, यास्नी घरमा पाय ठेवा तवयच माले वास उना. पन बोलनू नही. मन्हा हातसाठे आजलोंग कोनी इतलं फिरनं नही. रूथले सांगा, मोजा लई ठेव, मी घालसू. अंगठी बी पाहिजेच. पन भाऊ, एक काम तुम्हनाकडे. बरफकडे गयात म्हनजे माले एक मिनिट मोजा काढना शे, उघडा हात बरफले लावना शे. तवय यास्ले च्या प्याले दूर लई जा. यासना च्या लवकर सरस, दोन कप पाजा.