क्लचची वायर

अप्पा, त्या लाल इटालियन गाडीचं इंजिन काल चालू झालं. शेठजींच्या नातवाला ती लग्नाच्या वरातीत हवी आहे. सोलापुरात तिला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून तो चाचरत माझ्याकडे आला. ज्या गाडीनं तुम्हाला भिंतीशी चेपून मारलं ती मी दुरुस्त करीन, असं त्यालाही वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो तेव्हा तो खाली बघायला लागला. मला वरातीशी काय करायचंय? मला फक्त एकदा त्या गाडीखाली जायचं होतं.

तुम्ही गेल्यावर शेठजींनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि शेडला कुलूप लावलं. पलीकडे टॉवेलचे माग. ताडपत्री काढली तर गाडीभर कापसाची पिंज, कार्बोरेटरच्या तोंडात तर बोळेच्या बोळे. इंजिन जाम. प्लग काढून आत तेल सोडलं, मुरू दिलं, मग तुमच्यासारखंच घाई न करता पान्यानं जरासं पुढं, जरासं मागं करत राहिलो. सुटलं. चालू झालं तेव्हा अडखळत होतं. एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकला. एक वायर काढली तरी आवाजात फरक पडेना, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये ठिणगी नव्हती. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक चीर निघाली. हे सगळं मन लावून केलं, पण क्लचकडे मुद्दाम शेवटी वळलो. भीती वाटत होती.

तुमची सवय आठवते का? पेडल दाबलेलं असताना गिअरमधली चालू गाडी जागची हलली नाही, म्हणजे क्लच पुरता सुटला. हे बघायला सगळे मेकॅनिक गाडीच्या बाजूला उभे राहतात. तुम्ही समोर उभे राहायचात, गाडीच्या नाकावर दोन्ही तळवे टेकून. गाडी ओढ घेते ते डोळ्यांआधी तळव्याला कळतं, म्हणायचात. त्या दिवशी गॅरेज बंद, हाताखाली कुणी नाही. आई डबा घेऊन शेडवर आली आणि तुम्ही तिलाच आत बसवलंत. "जरा पाय दाबून धर की. म्या सांगितल्याबगर सोडू नगं." इंजिन चालू करून गिअर तुम्ही स्वतः टाकलात आणि समोर गेलात. तुमच्या पाठीला भिंत होती. मी तेव्हा जेऊरला मामाकडे होतो. हे सगळं आईच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

ती एकच सांगत राहिली, "म्या पाय उचलला न्हाय. पेडल एकाएकी हलकं झालं." कुणी ऐकलं नाही. तेराव्याला आत्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, पांढऱ्या पायाची. माझी आत्या असली तरी त्या बाईचा मला आजही राग येतो. आईनं कुणाशी भांडण केलं नाही. फक्त शिलाई मशीन पायानं चालवायचं सोडलं. हाताचं हँडल बसवून घेतलं आणि माझे शाळेचे शर्ट, शेजारपाजारची झबली, सगळं एका हातानं चाक फिरवत शिवलं. आता दिसत नाही म्हणून मशीन बंद आहे. डावा पाय ती अजून साडीखाली ओढून बसते.

पेडल हलकं झालं असेल तर क्लचची वायर तुटलेली असणार, हे मी या धंद्यात पडल्यापासून मनाशी धरून होतो. काल आत बसलो आणि डाव्या पायानं पेडल दाबलं. जड लागलं, अप्पा. खाली जायच्या आधीच मला कळून चुकलं. तरी गेलो. वायर शाबूत. टोकाचे नट जागेवर, फोर्क धड, पिन धड. टॉर्च तोंडात धरून मी काहीतरी मोडलेलं सापडावं म्हणून शोधत होतो. असा मेकॅनिक कुणी पाहिला नसेल. पेडल दाबूनही गिअर कुरकुर करत होते, कारण क्लचची प्लेट गंजून चिकटली होती. क्षणभर बरं वाटलं, कारण चिकटलेल्या प्लेटनं पाय दाबलेला असतानाही गाडी पुढं जाते. पण इतकी वर्षं उभ्या गाडीची प्लेट चिकटतेच, त्यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय तेव्हाच चिकटली असती तर गिअर टाकतानाच तुम्हाला समजलं असतं.

मग मी वायर तोडली. कापलेल्या वायरीचे धागे एका रेषेत असतात, तुटलेलीचे लहानमोठे. हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून एकेक धागा वाकवून वाकवून मोडला आणि घरी नेऊन आईच्या हातात दिला. मेकॅनिकची बायको ती. तिनं टोकावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"तुटल्याली हाय?"

"व्हय आई. तवाच तुटलीया. तुझा पाय न्हाई सुटला."

तिनं वायर पदरानं पुसली. मग म्हणाली, "मलाच वाटाय लागलं हुतं रं, उचलला आसंल म्हनून. रोज वाटायचं." आणि लहान पोरीसारखी रडली. तुम्ही गेलात तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. आज सकाळी ती पाय पसरून उन्हात बसली होती. वायर मांडीवर. करकंबला जाऊन आत्याला दाखवून ये म्हणाली. जाईन.

मला तुमचाही राग येतो. पाय सुटतात, अप्पा. कुणाचेही सुटतात, म्हणूनच गाडीसमोर कुणी उभं राहत नाही. तुम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. ती तुमच्या सवयीची शिक्षा भोगत राहिली आणि भिंतीवर हार तुमच्या फोटोला. हे तिच्यापुढं बोलायची माझी टाप नाही, कारण तुम्हाला बोल लावलेला तिला खपणार नाही.

हे पत्र मी घरी नेणार नाही. तिला दिसत नसलं तरी कागद सापडला की ती नातीकडून वाचून घेते. इथंच स्टोव्हवर धरून जाळीन. तिचेही आता फार दिवस उरलेले नाहीत. ती तिकडं आली आणि तुम्हाला विचारलंच, तर वायर तुटली होती म्हणा.