मर्डोची कुऱ्हाड

फेअरली, ९ ऑगस्ट १९८४

प्रिय ऐल्सा,

मर्डोची बर्फावर चढायची कुऱ्हाड काल टपालाने मिळाली. दांड्यावर त्याने गुंडाळलेली निळी चिकटपट्टी अजून तशीच आहे. सोबतची तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. 'शेवटपर्यंत बाबांजवळ बसून राहिलात, म्हणून ही तुमची,' असं तू लिहिलंस. आणि खाली, घाईच्या अक्षरात, की वाट बदलूनही बाबांनी डोंगरावरच्या निवाऱ्यातल्या वहीत बदल केला नाही, तो हट्टीपणा तुला माफ करता येत नाही; त्यांची राख वर्षभर कपडे धुण्याच्या खोलीत पडून आहे. त्या ओळीला उत्तर देणं भाग आहे.

गेल्या वर्षी आम्ही त्या शुक्रवारी निवाऱ्यात पोहोचलो तेव्हा मे उजाडला होता, म्हणजे आपल्या इकडचा हिवाळा तोंडावर होता. खाली पॉपलरची झाडं पिवळी पडली होती, वर शरदातला पहिला बर्फ दारापर्यंत आला होता. मर्डोने मटणाच्या चापा तळल्या, नेहमीसारख्या खारट. वही मी लिहिली. दोघे जण, पूर्वेच्या धारेने शिखर, शनिवारी संध्याकाळी परत. माणूस परतला नाही तर शोधणारे आधी ती वही उघडतात, हे तुला सांगायला नको.

सकाळी धारेवरून बर्फ धुरासारखा उडत होता. मर्डो म्हणाला, पश्चिमेच्या घळीतून जाऊ, आडोसा आहे. शेवटी निघेल त्याने जमीन झाडायची आणि वही बघायची, ही आपल्याकडची रीत. शेवटचा मी होतो. झाडून बाहेर आलो, बूट चढवले, त्यांना लोखंडी काटे बांधले. गारठलेल्या बोटांनी पट्टे आवळायला वीस मिनिटं गेली. बूट घालून निवाऱ्यात कुणी पाऊल टाकत नाही.

"वही बदललीस का?" मर्डो पुढून ओरडला.

"बूट घातलेत आता."

"मग काढ की! का वाकताना पोट आडवं येतं, म्हाताऱ्या?"

"काढतो रे बाबा. तू हो पुढे."

तो पुढे गेला. मी दारातून झाडलेली जमीन पाहिली, मग काटे पाहिले. संध्याकाळी परतच यायचं होतं. मी त्याच्या मागे निघालो.

दुपारी घळीत त्याच्या पायाखालचा बर्फ सुटला. मांडीचं हाड मोडलं. मी बर्फात खड्डा खणून त्याला आत ओढला. रविवारभर वादळ होतं. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. सात वर्षांची असताना तू त्याचे बूट घालून कोंबड्यांच्या खुराड्यावर चढली होतीस, ते त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याची जीभ जड झाली होती.

सोमवारी आभाळ निवळलं आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला. पूर्वेकडून, धारेपलीकडून. जायचा, पुन्हा तिथेच यायचा.

"कोण गाढव चालवतोय ते?" मर्डो म्हणाला. मग मान माझ्याकडे वळवली. "क्लाइव्ह, वहीत घळ लिहिलीस ना?"

"लिहिली."

"मग येतील इकडे. बस तू. उगाच खाली जाऊन मरू नकोस."

निवारा तीन तासांवर होता. शोधायला आलेली माणसं तिथे होती, त्यांच्याकडे रेडिओ होता. माझे दोन्ही पाय धड होते. उठलो असतो, तर का उठलो ते त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून बसलो. तू ज्याबद्दल आभार मानतेस ते हे बसणं. 'आता येतील', 'आता येतील', असं तो पाच वाजेपर्यंत म्हणत होता. मंगळवारी एका हरणांच्या शिकाऱ्याला माझं जाकीट दिसलं. चौकशीत मी सांगितलं, वही राहू दे असं मर्डोच म्हणाला. खरं काय घडलं ते चौकशी अधिकाऱ्याला आजच्याच टपालाने कळवलं आहे. कुऱ्हाड परत पाठवतो आहे. मर्डोची राख त्या खोलीतून बाहेर काढ.

'तुझा काका' असं आता लिहवत नाही.

क्लाइव्ह