राजाभोवतीचे म्हातारे

लोहारा, गुरुवार, १९५८. दिवेलागण.

शाळेतून आल्यावर ते ग्रीक नाटक पुन्हा मोठ्यानं वाचलं. शोकांतिकेचे सगळे नियम त्याला लागू पडतात. राजा भला, चूक अजाणता, आणि खरं कळतं तिथंच घात. दया येते, भीतीही वाटते. मग मला खटकतं काय? सर्वस्व गेलं तरी गावचे म्हातारे त्याच्याभोवती उभेच! बुडाला, पण एकटा नाही.

इथं राजाचं मीच बोललो, म्हाताऱ्यांचंही मीच.

शेजारच्या गंगाक्कांनी भिंतीपलीकडून विचारलं, "मास्तर, पावणं आलेत व्हय? च्या टाकू का?"

"व्हय," म्हणालो. का म्हणालो?

दार अर्धंच उघडून दोन कप घेतले. दुसरा गार होईपर्यंत तसाच ठेवला. मग तोही मीच प्यायलो.